गुरुवारी प्रेस बंद असते

गुरुवार आहे. भोसरी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे लांडेवाडीतल्या या गल्लीत सकाळी दहालाही कुणाच्या तरी नळाखाली बादली भरत असल्याचा आवाज ऐकू येतो. घराच्या भिंतीला लागूनच एक पत्र्याची शेड आहे. एरवी तिथल्या पॉवर प्रेस सकाळपासून धपधपत असतात आणि या घरातल्या मांडणीवरची पातेली त्या ठेक्यावर किणकिणत असतात. आज शटर खाली आहे. मांडणी गप्प आहे. आणि साडेतीन वर्षांचा दादू कासावीस आहे.

तो दारापासून मोरीपर्यंत चवड्यांवर धावतो, मोरीच्या कठड्याला हात लावतो, वळतो, पुन्हा दार. दोन्ही पंजे खांद्याशी फडफडतात. तोंडातून एकच सूर निघतो, मध्येच तुटतो, पुन्हा सुरू होतो. आई त्याला अडवत नाही. ती भिंतीला टेकून बसते, स्टीलचा डबा मांडीवर उपडा घेते आणि तळहातानं वाजवू लागते. धप. धप. धप. प्रेसच्याच वेगानं. काही फेऱ्यांनी दादूची धाव मंदावते. मग तो येऊन डब्याला गाल लावून बसतो.

“गुरुवारीच असं का करतो, कळायचंच नाही,” ती मला सांगते, हात न थांबवता. “ह्यांना सुट्टी असते म्हणून लाडात येतो, असं सासूबाई म्हणायच्या. मग एकदा भर बुधवारी लाइट गेली, प्रेस बंद पडली, आणि ह्यानं असाच धुमाकूळ घातला. तेव्हा ध्यानात आलं.”

हे तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. प्रेसचा ठोका ठरलेल्या वेळानं पडतो, पुढचा कधी येणार हे दादूला ठाऊक असतं. कुकरची शिट्टी मात्र सांगून येत नाही, आणि तिच्यानं तो जमिनीवर डोकं आपटतो. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांचं आवाज, उजेड, स्पर्श, चव यांच्याशी असलेलं नातं असं चाकोरीबाहेरचं असतं. २०१३ पासून निदानाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांतही त्याची नोंद आहे. या बाईनं ते निकष वाचलेले नाहीत. तिनं लाइट गेलेला बुधवार नीट पाहिला.

दादू हे घरातलं नाव. खरं नाव लिहायचं नाही, या बोलीवरच मला इथं बसू दिलंय.

दादूचे वडील टेल्को रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. मूळ लातूरकडचे. गुरुवारचे ते पलंगाच्या कडेवर बसलेले असतात आणि काय करावं हे न सुचून फरशीवरच्या वस्तू जागच्या जागी लावत असतात. आजी स्वयंपाकाच्या ओट्याशी. आई डबा बाजूला ठेवून कामाला लागते. तिच्यापुढे रबरी वॉशरचं पोतं आहे. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला रबराची पातळ पापडी राहते. ती ब्लेडनं काढायची आणि माल परत करायचा. हात चालू ठेवून घरबसल्या करायचं काम. बोलायलाही सोयीचं.

दीड वर्षाचा असताना दादू या वॉशरच्या रांगा लावायचा. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान. एखादा कुणी हलवला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा. सगळे कौतुक करायचे, इंजिनिअर होणार म्हणायचे. तिलाही बरं वाटायचं. हाक मारली तर मात्र वळायचा नाही. पाठीमागून, शेजारून, तोंडासमोर. दादू, ए दादू. काही नाही. आणि आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की बाहेरून धावत हजर. म्हणजे ऐकू येत होतं. तरी कानाची बेरा तपासणी केली. कान ठणठणीत निघाले. ज्या खासगी डॉक्टरकडे रिपोर्ट दाखवला त्यानं सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा.

“मी थांबले पण असते,” ती म्हणते. “पण शेजारची मुलगी. ह्याच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. आम्ही पुलाखाली भाजी घेत होतो, नाशिककडे जाणारा मोठा ट्रेलर आला, त्याच्यावर क्रेन. त्या मुलीनं बोट केलं. क्रेनकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं, परत क्रेनकडे. तिला ती क्रेन नको होती हो. ती आईला दाखवत होती. आणि माझ्या मनात आलं, ह्यानं मला कधी काही दाखवलंच नाही.”

ब्लेड क्षणभर थांबतं, पुन्हा चालू लागतं.

तिच्या या बोलण्यात पुस्तकी माहितीनं फारशी भर पडत नाही, पण सांगते. मूल साधारण वर्षाच्या आसपास बोट करायला लागतं. आधी हवी असलेली वस्तू मागायला, आणि लवकरच नुसतं दाखवायला: बघ, तूही बघ. दीड वर्षाचं मूल हे करत नसेल तर ती ऑटिझमची अगदी सुरुवातीची आणि भरवशाची खूण समजली जाते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी वीस प्रश्नांची एम-चॅट नावाची यादी आहे. त्यातले कितीतरी प्रश्न याच गोष्टीभोवती फिरतात: मागायला बोट करतो का, दाखवायला करतो का, तुम्ही बोट केलंत तर तिकडे बघतो का. दादूला डब्यातला चिवडा हवा असला की तो आईचं मनगट धरायचा आणि तिचा पंजा नेऊन झाकणावर ठेवायचा. तोंडाकडे न बघता.

आजीला हे पटलेलं नाही, पण ती भांडत नाही. तिनं तिच्या परीनं सगळं केलंय. वेखंड उगाळून जिभेला लावलं, मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, गावाकडच्या देवाला नवस बोलली. ओट्याशी पाठमोरी उभी राहूनच ती बोलते, “ह्याचा बाप बी चार वर्साचा होईस्तोर मुकाच व्हता. आता बगा, बोलून बोलून कान खातंय.”

दादूचे वडील हसतात. मग विचारतात, “पण आई, मी बोट करायचो का गं?”

आजी विचारात पडते. “तू? शेजारणीच्या ताटातलं बी बोट करून मागायचास. आन् दिलं न्हाई की माझ्याकडं बगून गळा काढायचास.”

उशिरा बोलणारं मूल आणि ऑटिझम असलेलं मूल यांतला फरक मी आजवर बऱ्याच तज्ज्ञांकडून ऐकलाय. आजीइतका नेमका क्वचितच.

साडेअकराला विशेष शिक्षिका येतात. इंद्रायणीनगरहून स्कूटरवर. घरात त्यांना नुसतं ताई म्हणतात. दादूच्या वडिलांना गाठता यावं म्हणून त्यांनी मुद्दाम गुरुवार घेतलाय. पिशवीतून खेळणी निघतील अशी माझी अपेक्षा. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक वही आहे. त्या फरशीवर बसतात आणि आईला म्हणतात, “चला, तुम्ही खेळा. दादा, तुम्ही मोबाइलवर शूटिंग करा.”

दादू रांग लावतोय. आई त्याच्या समोर पालथी पडते, म्हणजे तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येतो. पूर्वी ती वॉशर काढून घ्यायची आणि हातात चेंडू द्यायची. आता ती त्याच्याच रांगेच्या शेवटी एक वॉशर ठेवते. दादू तो उचलून फेकतो. ती दुसरा ठेवते, योग्य मापाचा. दादूचा हात अर्ध्यावर थांबतो. वॉशर राहतो. ती आणखी एक ठेवते आणि म्हणते, “छोटा.” एवढंच. मग ती पुढचा वॉशर हातात धरून गप्प पडून राहते. खोलीत सगळे श्वास धरून. दादू रांगेकडे बघतो, तिच्या मुठीकडे बघतो, आणि डोळे एकदाच वर, तिच्या चेहऱ्यापर्यंत, जाऊन परत येतात.

“छोटा,” ती म्हणते आणि वॉशर ठेवते.

नंतर तिघं मोबाइलवर डोकी लावून ते बघतात. ताई पडद्यावर बोट ठेवून चित्र थांबवतात. “इथं. इथं तुम्ही काय केलंत?”

“काहीच नाही. गप्प राहिले.”

“म्हणून त्यानं बघितलं.”

एवढाच धडा. वही उघडून ताई लिहितात: थांबणं, खालून बघणं, एकच शब्द. आठवडाभर दिवसातून अर्धा तास, तोही एकदम नव्हे. आंघोळीच्या वेळी थोडा, जेवताना थोडा.

ही पद्धत ताईंच्या मनची नाही, आणि ती पंचतारांकित दवाखान्यातूनही आलेली नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी ब्रिटिश तज्ज्ञांबरोबर मिळून ती आपल्याकडच्या घरांसाठी बेतून घेतली. पदवीधारी थेरपिस्टऐवजी शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जाणार, आई-मुलाच्या खेळाचं चित्रण करणार आणि आईसोबत बसून ते बघणार. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवरची ही चाचणी २०१५ च्या शेवटी ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाली. पालक मुलाच्या कलानं जास्त प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली, असं तिच्यात दिसलं. सगळ्या मोजमापांत सुधारणा झाली नाही. पण रोजच्या रोज थेरपी सेंटरची फी भरणं ज्या घराला जमणार नाही त्या घरासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. इथं वडिलांच्या ओव्हरटाइमचे पैसे ऑक्युपेशनल थेरपीकडे जातात, स्पीच थेरपी मागे पडते. बाकीचं फरशीवर होतं.

शिट्टी होते.

आजी आज विसरली. कुकर गॅसवर होता, बोलण्याच्या नादात तिचं लक्ष गेलं नाही. दादू दोन्ही कानांवर हात दाबून खाली कोसळतो आणि कपाळ फरशीवर आपटू लागतो. वडील धावतात, ताई हातानंच त्यांना थांबवतात. आई त्याच्या कपाळाखाली गोधडी सरकवते, मग तीच गोधडी त्याच्याभोवती गुंडाळून त्याला घट्ट, अगदी घट्ट धरून बसते. काही बोलत नाही. उगी उगी नाही, काय झालं माझ्या बाळाला नाही. या वेळी शब्द म्हणजे आणखी आवाज. बराच वेळ जातो. आजी गॅस बंद करून ओट्याला पाठ लावून उभी असते, पदर तोंडाला. सून तिच्याकडे बघते, आणि फक्त मान हलवते: असू द्या.

दारात शेजारीण डोकावते. “झालं का परत? मी म्हणतच होते, लहानपणी मोबाइल दिला ना हातात, त्यानंच.” आणि निघून जाते.

दादूच्या आईचा चेहरा दगडी होतो. हे तिनं लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत ऐकलंय. आईला दोष देण्याची ही खोड ऑटिझमच्या निदानाइतकीच जुनी आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं अकरा मुलांचं वर्णन करून या स्थितीला वैद्यकात जागा दिली, आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकेत मोठमोठे लोक सांगत राहिले की थंड, कोरड्या आयांमुळे मुलं अशी होतात. ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तो सिद्धांत मोडून काढण्यात बर्नार्ड रिमलंड पुढे होते. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. मूळ कारणं मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहेत आणि मेंदूच्या घडणीतला हा वेगळेपणा जन्माच्या आधीच सुरू झालेला असतो. मोबाइलनं ऑटिझम होत नाही. मोबाइल बाजूला ठेवला तर खेळायला वेळ मिळतो, म्हणून ठेवायचा.

लसीचंही तेच. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतो, आणि आयांच्या मनात पाल चुकचुकते तीही नेमकी याच वयात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, एवढाच संबंध. तो कार्यकारणाचा असू शकतो असं १९९८ मध्ये सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत पसरलेली भीती कोण मागे घेणार?

दादू गोधडीतच झोपलाय. ताई आणि वडील कागद पसरून बसतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आलंय. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते आहे. या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या आत असेल तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. दादूचा आकडा वडिलांना पाठ आहे. मी तो लिहीत नाही.

“आमच्याकडे गो-नो-गो गेज असतं,” ते मला समजावतात. “जॉब गेला तर पास, नाही गेला तर रिजेक्ट. मला वाटलं इथं पण तसंच असेल. आहे किंवा नाही, एकदाचं सांगून टाका.”

तसं गेज इथं नाही. आज रांगेत दुसऱ्याचा वॉशर सहन करणारा मुलगा उद्या करेलच असं नाही. कुठली मुलं पुढे सफाईनं बोलतील, कुठली चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगतील, हे साडेतीन वर्षांच्या वयातही खात्रीनं सांगता येत नाही. या अनिश्चिततेवर धंदा करणारे बरेच आहेत. मध्यंतरी वडिलांना एक फोन आला होता, स्टेम सेलनं मुलगा बरा करून देतो म्हणून. रक्कम ऐकून त्यांनी गावच्या जमिनीचा विचारही सुरू केला होता. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. ताईंनी तो कागद दाखवला तेव्हा जमीन वाचली.

दुसऱ्या बाजूनं नातेवाइकांचे संदेश येतात. मुंबईतल्या नौसैनिकाची मुलगी जिया राय हिनं, ऑटिझम असताना, तेराव्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. ती बातमी वडिलांना अजून महिन्या-महिन्यानं मिळते. “पोरीचं कौतुकच आहे,” वडील म्हणतात, “पण आमच्या दादूनं आधी स्वतःची चड्डी घालावी.” ताई खो-खो हसतात. वहीत लिहितात: चड्डी. एकेक टप्पा, शेवटून सुरुवात. कंबरेपर्यंत तुम्ही चढवा, शेवटचं ओढणं त्याच्याकडे.

संध्याकाळी सगळे भोसरीच्या सहल केंद्रावर निघतात. मीही मागोमाग. रस्त्यावर पीएमटी चौकातल्या बसचे हॉर्न, उड्डाणपुलाखालच्या रिक्षा, भाजीवाल्यांचा गलका. दादूच्या डोक्यावर पिवळा इअरमफ आहे, प्रेस शॉपमध्ये कामगार लावतात तोच; वडिलांनी सेफ्टीच्या दुकानातून लहानात लहान मापाचा आणला. लोक वळून बघतात. एक बाई विचारतेच, “हे काय घातलंय पोराला?”

“त्याला आवाज सहन होत नाही. ऑटिझम आहे त्याला,” आई सरळ सांगते. आवाज न चढवता, न पाडता.

“म्हणजे काय असतं?”

“त्याला जग जरा जास्त मोठ्यानं ऐकू येतं. आणि सांगता येत नाही.” बाई मान डोलावून पुढे जाते. दया नाही, वाद नाही. अशी दोन वाक्यं तयार ठेवायला आईला बराच काळ लागला असणार.

झोपाळ्याजवळ गर्दी आहे. गुरुवारचे सगळेच बाप पोरं घेऊन आलेत. दादूचा नंबर लागतो. आई मोजून झोका देते: एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मग झोका मागे खेचून धरते. “एक. दोन.” आणि थांबते. मागून एक मुलगा ओरडतो, “ओ काकू, सोडा ना लवकर!” ती हलत नाही. दादूचे पाय हवेत तडफडतात. पुन्हा तो मुलगा ओरडतो. “ती,” दादू म्हणतो. न पुरा शब्द, न नुसता आवाज. ती झोका सोडते. वडील रांगेतल्या मुलाशी बोलण्यात गुंतले होते. त्यांना ऐकू आलं नाही, आणि ती लगेच सांगतही नाही. तिला पुढचा झोका द्यायचाय.

वाचणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरातलं, शेजारचं, अंगणवाडीतलं दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोट करून काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून सहा महिने काढू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतात. सेविकेला तारीख विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन जा. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, मोरवाडीत दिव्यांग भवन आहे, औंधच्या जिल्हा रुग्णालयात बालकांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. प्रमाणपत्र हाती आलं की नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचाही खर्च धरतात. पण फरशीवर बसून खेळायला प्रमाणपत्र लागत नाही, ते आजच सुरू करा. आणि कुणी तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणालं, अगदी डॉक्टर म्हणाला, तरी दुसऱ्या डॉक्टरचा केसपेपर काढा.